पऱ्हाटी बॉईजचा गाणारा

"हळू. लोकं हायेत."

दिवसातून कितीदा तरी हे चाचांच्या तोंडून निघायचं. चहावाल्याने रस्त्यातून जोरात हाक मारली तरी हेच, मी जिन्यावरून शिट्टी वाजवत उतरलो तरी हेच. आणि दुकानातल्या रेडिओवर बातम्या संपून गाणं लागलं, तर मग विचारूच नका. हातातली सुई गादीत तशीच खोचून ते उठायचे आणि रेडिओचा कान पिळायचे. गाणं कितीही गोड असो, त्यांच्या दुकानात ते मुखड्यापलीकडे कधी गेलं नाही.

उमरखेडला माझी बदली झाली तेव्हा मी त्यांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. मी वीज ऑफिसातला कारकून. खाली त्यांचं गाद्यांचं दुकान. पुढे गाद्या-उशा रचलेल्या आणि मागे कापूस पिंजायचं यंत्र. ते सुरू झालं की वर माझ्या फळीवरचा पेला आपोआप सरकत काठावर यायचा. सबंध गल्ली हादरवणाऱ्या त्या यंत्राला मात्र त्यांनी कधी हळू म्हटलं नाही. मी एकदा तसं बोलून दाखवलं. त्यांनी भुवयांवरचा कापूस पुसला आणि म्हणाले, "त्याले कोन हसते?"

आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नाच्या पंगतीत कोपरा धरून बसतात, फोटो काढताना खांबाआड सरकतात, तोंड उघडण्याआधी आजूबाजूला कोण आहे ते पाहून घेतात. आपण त्यांना स्वभावाने गरीब म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तेच म्हणून मोकळा झालो होतो. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नसीम, ती ढाणकीला दिलेली. म्हणजे एसटीने जाऊन जेवणाला परत येता येईल इतकी जवळ. पण चाचा तिकडे सहसा जायचे नाहीत. गेलेच तर ढाणकीच्या बाजारातून न जाता मागच्या बोळाने जायचे, हे नसीमनेच मला हसत सांगितलं होतं.

ते कापसाचे वाईट दिवस होते. पेपर उघडला की आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव, आणि ते कशासाठी हे तुम्हाला सांगायला नको. नव्या गाद्या शिवून घेणारे कमी झाले होते. लग्नघरची माणसं घरातलीच जुनी गादी घेऊन यायची. पुन्हा पिंजून, नवी खोळ घालून द्या म्हणायची, सोयऱ्यांना कळू देऊ नका म्हणायची. चाचा ती अशी करून द्यायचे की हात फिरवूनही कळू नये. मग न्यायला आलेल्या बापाला हळूच म्हणायचे, मागच्या दारातून उचला. दुसऱ्याची लाज त्यांना लांबूनच ओळखू यायची, आणि ती झाकायला ते स्वतःहून पुढे व्हायचे.

अशाच एका दुपारी यवतमाळच्या गाडीने एक गृहस्थ आले. पांढरी दाढी, काखेत पिशवी, हातात सुटकेसएवढी पेटी. भर रस्त्यात उभं राहून त्यांनी दुकानाकडे पाहत हाक मारली, "अबे ए रेड्या."

मी जिन्यात होतो. म्हातारपणी असल्या हाकेने माणूस एक तर हसतो नाही तर चिडतो. चाचांनी दोन्ही केलं नाही. त्यांचा चेहरा पार उतरला. ते धावत बाहेर आले आणि पाहुण्याला दंडाला धरून त्यांनी आत ओढलं. मला अर्थातच राहवलं नाही, मी तीन चहा सांगून मागोमाग आत शिरलो.

पाहुण्यांचं नाव वसंतराव. दोघे यवतमाळला कॉलेजात बरोबर होते. तिथे चार पोरांनी मिळून एक बँड काढला होता आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, यावरून त्याला नाव दिलं होतं पऱ्हाटी बॉईज. वसंतराव गिटार वाजवायचे, एक जण ऑर्गन, एक जण ड्रम. गाणी यांची यांनीच केलेली. आर्णी नाक्यावर न थांबता जाणारी एसटी, मागे उरलेली धूळ, त्या एसटीत बसलेली मुलगी, असल्या गोष्टींवरची. आणि गाणारे कोण, तर आमचे चाचा.

"हाच गात होता," वसंतराव मला म्हणाले. "अन् कसा गात होता ते याले इचारू नका, साहेब. मले इचारा."

चाचा कापसाच्या ढिगाकडे पाहत बसले होते.

मुंबईला जाऊन या चौघांनी एक रेकॉर्ड काढली होती. ती कोणी घेतली नाही. सिनेमातलं गाणं नाही, लावणी नाही, भावगीतही नाही, तर दुकानदाराने ती कोणत्या कप्प्यात ठेवायची? चार जण चार दिशांना गेले आणि विषय संपला. पुढे इतक्या वर्षांनी पुण्याच्या एका मुलाला मुंबईच्या जुन्या बाजारात त्यातली एक प्रत सापडली. तो जुन्या रेकॉर्डींमागे वेडा. त्याने ती ऐकली, रेकॉर्डवर कवी म्हणून वसंतरावांचं नाव होतं त्यावरून त्यांना हुडकून काढलं, आणि तीच रेकॉर्ड नव्याने छापली. वसंतरावांनी पिशवीतून ती काढली. काळी, जड, नव्या प्लास्टिकात गुंडाळलेली. वेष्टनावर कापसाच्या गंजीसमोर उभे चार पोरगे, बेलबॉटम घातलेले. त्यांतला उंच, सगळ्यात जास्त हसणारा पोरगा चाचा होते, हे मला दुसऱ्यांदा पाहिल्यावर पटलं. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलंच नव्हतं. आतल्या कागदावर तिघांची नावं होती. गाणाऱ्याची जागा कोरी होती.

याला न विचारता नाव टाकलं असतं तर याने मला जन्मात तोंड दाखवलं नसतं, वसंतराव म्हणाले. लोक रेकॉर्ड मागतायत, आणखी प्रती निघणार आहेत, आणि जो तो हा गाणारा कोण म्हणून विचारतोय. मग ते चाचांकडे वळले, आता नुसतं हो म्हण.

"नको," चाचा म्हणाले.

"अबे, काहून पण?"

"नको म्हंतलं ना. इथं लोकाच्या घरात काय चालू हाय ते पाहून राह्यला ना तू? अन् मी रेड्यावानी हंबरलो होतो, ते आता दुनियेले ऐकवतं कायले?"

वसंतरावांनी परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी कंटाळून ती रेकॉर्ड आणि ती पेटी त्यांनी माझ्या हवाली केली. पेटी म्हणजे रेकॉर्ड वाजवायचा प्लेअर होता, सेलवर चालणारा. हा मरेस्तोवर ऐकणार नाही, पण कधी मन झालंच तर तुमच्याकडे असू द्या, असं म्हणून ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

तो रेडा काय प्रकार आहे, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. चाचांनी आपणहून सांगितलं असं नाही. मी पिच्छा पुरवला तेव्हा खोळीला टाके घालता घालता, मान वर न करता ते बोलले.

रेकॉर्ड छापून आली ते कापसाच्या हंगामाचे दिवस होते. ढाणकीला खरेदीचं काटापूजन होतं. हंगामाची पहिली गाडी वजनाला लागण्याआधी काट्याची पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या गाडीवाल्याला हार घालतात. स्टेजवरच्या गाद्या-लोड चाचांच्या वडिलांनी पुरवलेले. त्या नात्याने वडिलांना पुढच्या रांगेत खुर्ची होती, आणि त्याच नात्याने त्यांनी मंडपवाल्याला म्हटलं, आमच्या पोराची रेकॉर्ड लावा. माइकवरून सगळ्या बाजाराला सांगण्यात आलं की आपल्या तालुक्यातल्या पोराने मुंबईत गाणं गायलंय. रेकॉर्ड लागली. आणि कर्ण्यातून जो आवाज निघाला तो जड, रडका, ओढल्यासारखा, एकेक शब्द चिखलातून काढल्यासारखा. आधी पोरं हसली, मग बैलगाड्यांवरची माणसं हसली. कोणी तरी ओरडलं, रेडा हंबरला. मग स्टेजवरचेही हसले. वडील मात्र मान खाली घालून गाणं संपेपर्यंत बसून राहिले. घरी आल्यावर किंवा पुढेही त्यांनी तो विषय कधी काढला नाही. चाचांनी उरलेल्या प्रतींचा खोका पुसदच्या भंगारवाल्याला देऊन टाकला आणि ते वडिलांच्या गाद्यांच्या धंद्याला बसले. त्यांतलीच एखादी प्रत फिरत फिरत त्या पुण्याच्या मुलाच्या हाती लागली असणार, असं आपलं मला वाटतं.

"पण मुंबईत तुम्ही ऐकला असेल ना आवाज?"

नाही. काचेपलीकडच्या माणसाने हात हलवला, झालं म्हणाला आणि पुढच्या पार्टीला आत घेतलं. स्वतःचा आवाज बाहेरून कसा लागतो ते त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते ढाणकीच्या बाजारात, सगळ्या तालुक्यासोबत. आणि माणसाने आपल्याला कसंही सांगितलं तरी रेकॉर्ड कशी खोटं बोलेल?

मी वीज ऑफिसचा माणूस. मला वेगळंच सुचलं. मी विचारलं, करंट कशावर होता? जनरेटरवर. ट्यूबलाइट कशा होत्या? फडफडत होत्या. म्हटलं, मग चाचा, तुमच्या गळ्याचा काही संबंध नाही. त्या एका जनरेटरवर सगळा मंडप लादलेला, तो दमला असेल. जनरेटर दमला की पंखा हळू फिरतो तशी रेकॉर्डही हळू फिरते, आणि हळू फिरली की कोणाचाही आवाज रेड्याचाच निघतो.

"वश्यानं बी हेच सांगतलं होतं तवा," ते म्हणाले. "दोस्त हाय तो. तो तसंच सांगन. अन् तू माह्या खोलीत राह्यतं."

पण वर माझ्या फळीवर ती रेकॉर्ड होती, आणि मला ती ऐकल्याशिवाय चैन पडेना. चाचांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी खाली यंत्र सुरू व्हायची वाट पाहिली. त्या धडधडीत त्यांना वरचं काही ऐकू जाणार नव्हतं. यंत्र लागलं तसा मी प्लेअर उघडला, रेकॉर्ड ठेवली, आणि यंत्रावर मात करायला आवाज पार मोठा केला. सुरुवातीला गिटार खडखडत आली, तिच्यामागून ऑर्गन, आणि मग तो गाणारा.

तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक रोज माझ्याच टेबलावरून जायचं आणि नेमकं तेच मी विसरलो होतो. खालचं यंत्र घरघरत बंद पडलं, गल्लीतले पंखे, चक्की, सगळं चिडीचूप झालं. फक्त माझा प्लेअर सेलवर असल्यामुळे बंद पडला नाही. एसटी गेली, धूळ राहिली, असं कोणी तरी अगदी हलक्या, स्वच्छ आवाजात सगळ्या गल्लीला सांगत होतं.

मी धडपडून उठलो तोवर जिन्यावर पावलं वाजली. चाचा दारात उभे होते, हातात सुई, सुईत दोरा तसाच. आता हे सुई माझ्या अंगात खुपसतात की काय असं मला वाटलं. मी प्लेअरकडे हात नेला तर त्यांनी राहू दे अशी खूण केली. एक कडवं झालं. दुसरं सुरू झालं.

"नसीमनं हे कधी गायलं?" त्यांनी विचारलं.

मला आधी प्रश्नच समजला नाही. मी म्हटलं, चाचा, हे तुम्ही आहात.

ते तिथेच उंबऱ्यावर बसले. गाणं संपून रेकॉर्ड नुसती फिरत राहिली तरी ते बसूनच होते. इतका गोड आवाज आपला निघाला म्हणून माणूस खूश होईल, निदान रडेल, असं मला वाटत होतं. त्यांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेतला. मग तसेच बोलायला लागले.

नसीम शाळेत असताना गॅदरिंगच्या गाण्यासाठी तिची निवड झाली होती. घरी येऊन तिने गाऊन दाखवलं, आणि चाचांना त्या गळ्यात स्वतःचा गळा ओळखू आला. तोच गळा पोरीला गेला, घरात गोड वाटला तरी कर्ण्यातून रेड्याचाच निघणार, उद्या भर शाळेत हिला लोक हसतील, या धास्तीने त्यांनी हेडमास्तरांना भेटून तिचं नाव काढून टाकलं. तिला सांगितलं, आपल्या घरात गळा नाही, पुन्हा गायचं नाही. त्यानंतर घरात जरा कोणी गुणगुणलं की ते त्यांचं पेटंट वाक्य. हे सगळं मला सांगताना त्यांनी चेहऱ्यावरचे हात काढले नाहीत.

"गळा चांगला होता तिचा. माह्यावानीच होता. अन् मी दाबला, बाबू."

पुढच्या रविवारी ते मला ढाणकीला घेऊन गेले. एकट्याने जायचा धीर नव्हता. माझी मोटारसायकल त्यांनी बाजारातूनच घ्यायला लावली, मागच्या बोळाचं नाव काढलं नाही. नसीम घरी ब्लाउज शिवत होती. तिचा नवरा बाहेरगावी होता, मुलं अंगणात. चाचा बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं, ढाणकीचं काटापूजन, जनरेटर, रेकॉर्ड, गॅदरिंग. माझी चूक झाली म्हणाले. लेकीपुढे हात जोडलेला बाप मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि कुठे पाहावं ते मला कळेना.

नसीमने मशीन थांबवलं. एरवी ती बापाशी उर्दूत बोलायची, पण मी होतो म्हणून असेल, त्या दिवशी आमच्या बोलीत बोलली.

"मले माहीत होतं, अब्बा. माहा गळा चांगला होता ते. तुमच्या माघारी आम्ही गात होतो ना. तुमची सायकल बोळात शिरली का अम्मी हात दाखवे, मंग आम्ही दोघी चूप."

"अम्मी बी गाये?"

"अम्मीच तर शिकवे."

हे बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. असं आमच्याकडे होतं, एवढंच ती सांगत होती. चाचा हळूहळू खाली बसले. जिच्यासोबत सगळा संसार केला त्या बायकोला गाणं येत होतं, हे त्यांना ती गेल्यावर इतक्या वर्षांनी कळत होतं. आपण घराकडे यायला लागलो की आपल्याच घरातलं गाणं बंद पडायचं, याची लाज कशी असते ते मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं. बाजारात सगळा तालुका हसला होता ती लाज याच्यापुढे काहीच नव्हती.

जरा वेळाने ते म्हणाले, आता गा बेटा, मी ऐकतो. नसीम खरंच गायला बसली. पदर सारखा केला, घसा साफ केला, एकदा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मुलं दारात येऊन पाहायला लागली.

"नाही निघत, अब्बा," ती म्हणाली. "तुमच्यासमोर आदत नाही." आणि चहा ठेवायला उठली.

परत येताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, की वसंताला कळव, नाव टाकायचं तर टाक म्हणावं. आता त्याची लाज वाटत नाही. पुढच्या प्रतींवर ते नाव आलं. पुण्याहून त्यांना एक प्रत पोस्टाने आली तेव्हा त्यांनी वेष्टनावरचा तो हसणारा पोरगा थोडा वेळ पाहिला आणि मला म्हणाले, तुझ्याकडे ठेव, तुझ्याकडे वाजवायचं यंत्र आहे. त्यानंतर दुकानातला रेडिओ त्यांनी कधी बंद केला नाही. पण तो ऐकत असत असंही मला वाटलं नाही. टाके घालताना त्यांचं लक्ष दुसरीकडेच असायचं, आणि आठवड्यातून एखाद्या दुपारी दुकानाला कुलूप दिसायला लागलं. कुठे गेला होता विचारलं तर खोळीचं कापड आणायला, म्हणायचे.

चाचांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलवाला आहे, माझीही बदली झाली. रेकॉर्ड माझ्याकडे आहे, कोणी आलं तर मी लावतो, आणि ऐकणारे विचारतात की हा गाणारा होता कसा. मी त्यांना पुढची गोष्ट सांगतो.

मी उमरखेडला होतो तेव्हाच एकदा मीटरच्या तक्रारीसाठी ढाणकीला गेलो होतो. ऊन रणरणत होतं, गावात चिटपाखरू नव्हतं. नसीमच्या घरामागच्या बोळात गाडी बंद करून मी खांबावरचा नंबर पाहत होतो, तर समोरच्या भिंतीला चिकटून चाचा उभे होते. खिडकीच्या जरा अलीकडे, आतून दिसणार नाही अशा बेताने. खाली बारीक खडी पसरलेली, आणि त्यांच्या चपला त्यांच्या हातात. आतलं शिलाई मशीन थांबलं होतं आणि नसीम गात होती. मुलांसाठी असेल, नाही तर स्वतःसाठीच. आवाज तोच हलका, स्वच्छ. दोन म्हातारे समोरच्या ओट्यावरून चाचांकडे टक लावून पाहत होते, पण चाचांना त्याचं काही नव्हतं. मला पाहून त्यांनी आहे तिथेच थांब अशी हाताने खूण केली. एक गाणं संपलं. ते थांबले. दुसरं सुरू झालं, तेही संपलं. मग मशीन पुन्हा चालायला लागलं तसे ते खडीवरून अनवाणी, जपून पाय टाकत माझ्यापर्यंत आले. गाडी हाताने ढकलत आम्ही बोळाच्या वळणापर्यंत आलो. तिथे मी म्हटलं, चाचा, पोरीचं घर आहे, आत का जात नाही?

"आत गेलो का बंद होते," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्यांनी तापलेल्या तळपायांची खडी झाडली, चपला खाली ठेवल्या आणि एकेक पाय आत घातला.